छातीतली जाळी

यांग छुन-बोने आयुष्यात दोन कामं मन लावून केली. बावीस वर्षं तेबेकच्या कोळशाच्या खाणीत दगडाला भोकं पाडली, आणि पंचेचाळीस वर्षं बायकोला मारलं. खाण बंद पडली तेव्हा पहिलं काम सुटलं. दुसरं त्याने मरेपर्यंत सोडलं नाही, अगदी मरायच्या सकाळीसुद्धा नाही.

बायकोचं नाव ओक-रे, वय अडुसष्ट. डावं मनगट वाकडं बसलेलं, पुढचे दोन दात बनावट, उजव्या कानाने ऐकू कमी. मनगट मोडलं ते मुलगा सांग-दू पोटात असताना. कानाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. सकाळी पाळीवर निघालेल्या माणसाला बाई आडवी गेली की तो तिथूनच माघारी फिरायचा. अशा दिवशी खाली उतरलेला वर येत नाही असं वस्तीतले सगळेच मानत. एकदा छुन-बोला आडवी गेली ती शेजारची बाई. मार पडला ओक-रेला, उजव्या कानावर. शेजारणीला मारणं बरं दिसलं नसतं ना!

खाण बंद होऊन सात-आठ वर्षं झाली आणि छुन-बोला दम लागायला लागला. आधी चढावर, मग सपाटीवर, मग नुसतं बसल्या जागी. शेवटी नाकात नळी आली, नळी यंत्राला आणि यंत्र भिंतीला. लोकांना वाटेल, आता तरी हात थंडावला असेल. छे! तो बसल्या बसल्या काठी चालवायचा. फक्त दोन फटक्यांच्या मध्ये त्याला दम खायला लागायचा, आणि तेवढा वेळ ओक-रे तिथेच उभी राहायची. सांगायलाही लाज वाटते, पण ती उभी राहायची. पळून जायचं कुठे, हा प्रश्न तिने इतक्या वर्षांपूर्वी सोडून दिला होता की पाय आता विचारायचेही नाहीत.

त्या सकाळी सांग-दू आणि सून नान-ही वोनजूहून आलेले होते. सांग-दू बोगदे खणणाऱ्या कंपनीत दगड फोडायचं यंत्र चालवायचा. बापाचाच धंदा, फक्त कोळशाच्या जागी मोटारींचा रस्ता. बापाच्या बाकीच्या सवयीही त्याने उचलल्या होत्या. उन्हाळ्यातही सुनेचे हात मनगटापर्यंत झाकलेले असत आणि ओक-रे ते पाहून न पाहिल्यासारखं करी. आपण सोसलं तेच हिच्या वाट्याला आलंय, हे कळायला तिला कोणाच्या सांगण्याची गरज नव्हती.

सांग-दू गाडीचं चाक बदलून आणायला खाली बाजारात गेला होता. नान-हीने उंबऱ्याजवळची जागा झाडली. पोरगी शहरातली, वळण लागलेली. तिने दाराशी ओळीने ठेवलेल्या जोड्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला फिरवली. निघताना माणसाला वाकून जोडे फिरवावे लागू नयेत, सरळ पाय घालता यावेत, म्हणून तिच्या माहेरी असं करत. त्यात छुन-बोचे खाणीतले काळे रबरी बूटही होते. खाण बंद झाल्यापासून एकवीस वर्षं ते बूट दाराशी घराकडे तोंड करून उभे होते. खाणवाल्याच्या घरात जोड्यांची तोंडं आतच असतात. बाहेर गेलेला माणूस घरी परत यावा म्हणून. तोंड बाहेर केलं म्हणजे त्याला कायमचा घालवला. हे नान-हीला कोणी सांगितलंच नव्हतं.

छुन-बो नळी ओढत दारापाशी आला आणि बूट बघून जागच्या जागी थांबला.

"कोणी केलं हे?" त्याने विचारलं.

"मीच, बाबा. जरा आवरून..."

म्हाताऱ्याने तिचे केस मुठीत धरले आणि कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं, एकदा, दोनदा. ती खाली बसली. मग त्याने आपल्या नाकातली नळी उपसली, तिच्या गळ्याभोवती दोन वेढे टाकले आणि गुडघा तिच्या पाठीत रोवून ओढायला लागला. स्वतःचा श्वास सोडून माणूस दुसऱ्याचा श्वास आवळत बसतो, त्याला काय म्हणायचं? ओठ निळे पडले होते त्याचे, तरी हात सैल होईनात. "मला घालवतेस? माझ्या घरातून मला?" असं काहीतरी तो फुसफुसत होता.

ओक-रे स्वयंपाकघरात डुकराचं मांस परतत होती. चरबीने छातीतली धूळ धुऊन निघते असं वस्तीतले सगळे म्हणत, म्हणून इतकी वर्षं ती त्याला ते खाऊ घालत आली होती. धडपड ऐकून ती धावली. सुनेचा चेहरा जांभळा झालेला होता आणि टाचा फरशीवर आपटत होत्या. त्या टाचा बघून ओक-रेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने नवऱ्याला हात लावला. दोन्ही तळहात त्याच्या छातीच्या डाव्या बाजूला टेकवून तिने जीव खाऊन धक्का दिला.

तो मागे उंबऱ्यावर बसकण मारून पडला. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. मानेच्या शिरा दोरीसारख्या तटतटल्या, डोळे बाहेर आले, आणि एक हात त्याने तिच्याकडे पुढे केला. ओक-रेने आधी सुनेचा गळा सोडवला. मगच ती नळी त्याच्या नाकाला लावली. पाच-सात मिनिटांत तो गेला.

"पडला म्हणून सांगायचं," ती नान-हीला म्हणाली. "ऐकतेस ना? उठताना पडला."

नान-हीने मान हलवली. पण सांग-दू आला, बापाकडे बघितलं, मग बुटांकडे बघितलं आणि त्याने फक्त एवढंच विचारलं, "बूट कोणी फिरवले?" बिचारीच्या डोक्यात अजून घण पडत होते. ती म्हणून गेली, "मी."

बापाचं प्रेत तिथे पडलेलं असताना त्याने तिला अशी थोबाडीत दिली की ती जाऊन यंत्रावर आदळली. ओक-रे मध्ये पडली तर तिलाही बाजूला फेकलं.

"तू मारलंस त्याला. एकवीस वर्षं टिकलेला माणूस तू एका सकाळी घालवलास. शोकाचे तीन दिवस जाऊ दे. मूठमाती पडू दे. मग घरी चल, तुला दाखवतो जोडे कसे फिरवतात."

हे तो ओरडून बोलला असता तर ओक-रे इतकी घाबरली नसती. ओरडणारे दमतात. तो हळू बोलला, अगदी बापासारखा.

ठाण्यावरून हवालदार आला, छुन-बोचं धूळरोग्याचं कार्ड पाहिलं, "पुन्हा धूळच," असं पुटपुटला आणि चहासुद्धा न घेता गेला. त्या गावात म्हातारे धुळीने मरतात, त्यात कोणाला नवल वाटत नाही. नवल वाटत होतं ते एकट्या ओक-रेला. हा धुळीने मेला की माझ्या हाताने? हाताला मिरची लागल्यासारखे तिचे तळवे चुरचुरत होते.

इस्पितळाच्या तळघरात शोकाची खोली मिळाली. काळी फीत लावलेला फोटो, पांढरी शेवंती, लाल तिखट रस्सा आणि भात. फोटोत छुन-बो हसत होता. तो फोटो काढणाऱ्याला बक्षीस द्यायला हवं होतं. खाणीतले उरलेसुरले सोबती आले, त्यात प्यो होता. प्यो म्हातारा आपला प्राणवायूचा सिलिंडर बाजारहाटाच्या चाकाच्या पिशवीत घालून हिंडायचा आणि नळी नाकात असताना सोजूची दारू प्यायचा.

"वहिनी, उघडणार ना छुन-बोला?" त्याने रस्सा भुरकत विचारलं.

उघडणं म्हणजे छाती कापून बघणं. माणूस धुळीनेच मेला हे सरकारला दाखवून भरपाई मिळवायची तर फुफ्फुसं डॉक्टरच्या टेबलावर ठेवावी लागत. वस्तीतले निम्मे पुरुष असे उघडले गेले होते, त्यामुळे त्याबद्दल लोक लग्नपत्रिका छापायच्या गोष्टी कराव्यात तसे बोलत.

"कोणी नाही कापायचं माझ्या बापाला," सांग-दू कोपऱ्यातून म्हणाला. शोकाचा काळा कोट त्याच्या खांद्यात ताणला गेला होता. "कशाने मेला ते मला माहीत आहे. घरातल्या बाईने घालवला."

बसलेल्या लोकांनी माना खाली घातल्या. नान-ही भिंतीशी बसली होती, गळ्याला रुमाल गुंडाळून. कोणीही तिला विचारलं नाही की पोरी, इथे उकडतंय, रुमाल कशाला? हे असं न विचारणं त्या वस्तीने चांगलं घटवलेलं होतं.

"उघडायचं," ओक-रे म्हणाली.

"आई, तू गप्प बस."

"शिक्का माझा लागतो. मी बायको आहे त्याची."

ती उठली, टेबलावरच्या परवानगीच्या कागदापाशी गेली आणि कमरेच्या पिशवीतून सहीच्या जागी उमटवायचा नावाचा शिक्का काढला. सांग-दूने रश्श्याचं ताट लाथेने उडवलं. लाल रस्सा शेवंतीवर, फोटोवर, पाहुण्यांच्या मोज्यांवर पडला. त्याने आईची गळपट्टी धरून तिला भिंतीला लावलं. तिची टाच जमिनीवरून उचलली गेली.

"मेल्यावर तरी त्याला सोडशील की नाही?"

"सोड तिला, हरामखोरा!" प्योने सिलिंडरची पिशवीच उचलून त्याच्या पोटरीवर हाणली. लोखंड लागलं. सांग-दू कळवळून खाली बसला, उठला आणि त्याने म्हाताऱ्याला छातीत ढकललं. प्यो ताटांमध्ये आडवा झाला. नळी निसटली. चौघांनी सांग-दूला धरलं, दोघांनी प्योला उठवून नळी लावली, आणि प्यो तेवढ्या दमातही बोललाच, "मला उघडाल तेव्हा सुरी नको, छिन्नी आणा. छुन-बोपेक्षा दोन वर्षं जास्त भोकं पाडलीत मी."

एवढ्या गोंधळात ओक-रेने कागदावर शिक्का उमटवला. भीती होतीच. पण न कळण्याची भीती कळण्याच्या भीतीपेक्षा मोठी झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच तळघराच्या दुसऱ्या टोकाला गेली. डॉक्टर म्योंग ही पन्नाशीची, आखूड केसांची, बोलायला फटकळ बाई. दाराशी ओक-रेला बघून तिने हातमोजे काढले.

"आजी, आत कशाला येता? बाहेर बसा, मी येऊन सांगते."

"त्याची छाती इतकी वर्षं बाहेरूनच ऐकली, डॉक्टरबाई. आता आतून बघू द्या."

डॉक्टरने तिच्या वाकड्या मनगटाकडे बघितलं, मग बनावट दातांकडे, आणि बाजूला झाली.

फुफ्फुस पांढऱ्या थाळीत ठेवलं होतं. ओक-रेने आयुष्यभर डुकरं कापताना पाहिलेली, फुफ्फुस कसं असतं तिला ठाऊक होतं. मऊ, गुलाबी, दाबलं की पुन्हा फुगणारं. हे काळं होतं आणि जागेवरून हलत नव्हतं. डॉक्टरने सुरी लावली तर विटेवर घासल्यासारखी करकरली.

"सकाळपासून दोन पाती मोडली," डॉक्टर म्हणाली. "कोणत्या कामावर होते?"

"दगडाला भोकं पाडायचा."

"वाटलंच. हे बघा. फुफ्फुस म्हणजे नुसते हवेचे बुडबुडे नव्हेत. पेशींच्या मध्ये एक जाळी असते, धाग्यांची. तिच्यावरच सगळं उभं असतं. ती ताणते म्हणून श्वास आत येतो, आणि आखडते म्हणून बाहेर जातो. दगडाची धूळ गेली की जाळी जागोजागी फाटते. मग रफू करणाऱ्या पेशी येतात आणि जाड धागा घालतात."

"मग बरंच की."

"रफू करून थांबल्या असत्या तर बरं. पण त्यांना डोळे नसतात, आजी. त्या हाताने चाचपतात. जिथे जाळी कडक लागते तिथे त्यांना वाटतं, अजून फाटलेलंच आहे. मग आणखी धागा. त्याने आणखी कडक. मग आणखी धागा. शेवटी जाळीचा असा दगड होतो."

ओक-रे थाळीकडे बघत राहिली. "खाणीत जाणं तर एकवीस वर्षांपूर्वीच थांबलं."

"आत गेलेली धूळ तिथेच बसून कुरतडत राहते. आणि एकदा जाळी अशी कडक झाली की ती स्वतःच हुकूम देत राहते."

"आणि नव्या, चांगल्या पेशी आल्या तर? त्यांनी हे उसवावं की."

डॉक्टरने तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "हे करून बघितलंय लोकांनी. अशा फुफ्फुसातल्या सगळ्या पेशी धुऊन काढल्या, नुसती जाळी ठेवली आणि तिच्यावर निरोगी माणसाच्या पेशी सोडल्या. त्याही काही दिवसांत तसाच जाड धागा घालायला लागल्या. दोष पेशींचा नव्हता. ज्या जाळीवर बसल्या तिचा होता."

ओक-रेला एकदम नान-ही आठवली. लग्न होऊन आली तेव्हा मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारी पोरगी. गेल्या नवीन वर्षाला तिनेच आपल्या चार वर्षांच्या लेकीच्या बोटांवर लाकडी उलथनं मारलं होतं, आणि "रडलीस तर आणखी देईन," असं म्हणाली होती. ते वाक्य छुन-बोचं होतं. आणि सांग-दूने ते प्रथम ऐकलं ते बापाच्या तोंडून नव्हे. नवऱ्याचा राग नवऱ्यावर काढता येत नाही म्हणून पोराला बदडणारी आई त्याने पाहिली होती. ओक-रेने हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा आज पहिल्यांदाच सांगितलं, आणि तिची तिलाच शिसारी आली.

"डॉक्टरबाई, मी त्याला ढकललं होतं," ती म्हणाली. "इथे. डाव्या बाजूला, दोन्ही हातांनी. तो सुनेचा गळा आवळत होता. त्यानेच गेला का तो?"

डॉक्टरने थाळी फिरवली.

"डावं हे. याला काही झालेलं नाही. बरगडी मोडलेली नाही, आत रक्त साकळलेलं नाही. आता उजवं बघा, वरचं टोक. जाळी आखडत जाते तेव्हा मधल्या जागा ताणून ताणून पातळ फुगे होतात. हा एक फुटलाय. हवा छातीत भरली, फुफ्फुस दबलं, काळीज दबलं. संतापाने ओढाओढ करतानाच हा फुटला असणार. उद्या शिंकतानाही फुटला असता. तुमच्या हाताने नाही, आजी. मी कागदावर धूळ लिहिणार आहे, आणि ते खरं आहे."

ओक-रे थाळीची कड धरून उभी राहिली. सुटले, असं तिला वाटलं. डॉक्टरने तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. ती रडली. छुन-बोसाठी नव्हे, हे तिने डॉक्टरला सांगितलंसुद्धा.

"सुनेचा गळा मला दाखवा," डॉक्टर म्हणाली. "आणि तिला जायला जागा आहे का?"

"माहेर आहे, दक्षिणेला. लेक तिथेच आहे सध्या. पण तो जाऊ देईल तर ना."

ती शोकाच्या खोलीकडे परत निघाली तेव्हा सांग-दूला हे सांगायचं असंच तिने ठरवलं होतं. बूट नाही, बायको नाही, मी नाही, फुगा फुटला. डॉक्टरची सही आहे. ऐकेल. शेवटी माझ्या पोटचा आहे.

खोलीत प्यो एकटाच पत्ते लावत बसला होता. त्याने हनुवटीने मागच्या दाराकडे खूण केली. "मागे नेलंय तिला. मी उठेपर्यंत..." त्याला खोकला आला.

मागे रिकाम्या क्रेटची आणि गॅसच्या टाक्यांची जागा होती. नान-ही जमिनीवर होती, एका कुशीवर, हातांनी डोकं झाकून. सांग-दू तिला लाथा घालत होता, घाईने नव्हे, एक लाथ घालायची, थांबायचं, दुसरी घालायची. मधल्या वेळात नान-ही पळत नव्हती. ती वाट बघत होती. ओक-रेने ते बघितलं. ती थांबणारी बाई तिच्या चांगल्या ओळखीची होती.

"बोल ना! मुद्दाम फिरवलेस की नाही? बोल!"

"सांग-दू."

"आई, आत जा."

"डॉक्टरने बघितलं."

तो थांबला. धापा टाकत होता. चाळिशी नुकतीच उलटलेला, बैलासारखा दणकट माणूस, आणि धाप टाकत होता. श्वासाच्या शेवटी कुठेतरी बारीकशी शिट्टी वाजली. ओक-रेला ती शिट्टी ओळखीची होती. छुन-बोचा दम असाच सुरू झाला होता. आईच्या काळजाला काय व्हायचं ते झालं. त्याला जवळ घ्यावं, काम सोड रे म्हणावं, असं तिला वाटलं. पण तो मुठी वळून उभा होता आणि त्याच्या बुटाच्या टोकाशी नान-हीचं रक्त होतं. डॉक्टरचं म्हणणं सांगून काय होणार होतं? फुगा म्हणे. उद्या नान-हीच्या हातून बशी फुटेल, परवा भात लागेल. कारणांना काय तोटा?

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"मी मारलं त्याला," ओक-रे म्हणाली.

"काय?"

"मी मारलं. तिच्या गळ्यात नळी आवळत होता म्हणून मी ढकललं. इथे." ती पुढे गेली आणि तिने दोन्ही तळहात मुलाच्या छातीवर टेकवले. कोटाखाली त्याचं काळीज धडधडत होतं. "डॉक्टरने बोट ठेवून दाखवली मला जागा. दगड झालेली छाती एका धक्क्याने फुटते. लाथ नको, काठी नको. म्हातारीचा हातसुद्धा पुरतो. मला कोणी आधी सांगितलं असतं तर पंचेचाळीस वर्षं थांबले नसते."

"खोटं बोलतेस."

"तिला विचार."

नान-हीने हातांच्या फटीतून सासूकडे बघितलं. मग तिने डोळे मिटून मान हलवली. हो.

"मी... मी ठाण्यावर सांगेन."

"सांग. कागदावर धूळ लिहिलीय. या गावात सगळे धुळीनेच मरतात, हवालदार चहासुद्धा घेत नाही." ओक-रेने तळहात काढले नाहीत. "आणि तू काय फोडतोस रे बोगद्यात? लोणी? ती शिट्टी मला ऐकू येते, सांग-दू, माझ्या एका कानानेही ऐकू येते. तुझ्या छातीत तोच दगड धरतोय. तू माझ्याकडे येशील, जेवशील, झोपशील. हिच्या अंगावर पुन्हा एक बोट उचल, आणि मग झोपून बघ माझ्या घरात. मला आता जागा ठाऊक आहे."

सांग-दू एक पाऊल मागे गेला. मग आणखी एक. त्याची पाठ गॅसच्या टाकीला लागली. त्याने दोन्ही हात छातीवर घेतले, आणि ओक-रेला तो सहा वर्षांचा दिसला. छुन-बोने पट्टा काढला की तो असाच मागे सरकायचा. पंचेचाळीस वर्षांत त्या घरात कोणी तिला घाबरलं नव्हतं. आता घाबरलं होतं तर तिचं एकुलतं एक पोर.

प्यो दारात उभा होता, सिलिंडरची पिशवी धरून. त्याने सगळं ऐकलं की नाही कोण जाणे. "वहिनी," तो म्हणाला, "माझा पुतण्या टॅक्सी घेऊन वर उभा आहे. कोणाला कुठे जायचं असेल तर."

नान-हीला उठवताना ओक-रेला तिच्या बरगड्यांतली एक हललेली कळली. आधी डॉक्टर म्योंगने बरगडी बांधता बांधता तिला फुटलेल्या फुग्याचं सांगितलं, गळ्याच्या खुणांचे फोटो काढले आणि कागद करून दिला. टॅक्सीत बसताना नान-ही सासूचा हात सोडेना.

"आई, त्याला खरं कधी सांगाल?"

"तू आधी पोरीजवळ जा. आणि ऐक, उलथन्याने भाजी परतायची. पोरीला हात लावलास तर मी तुझ्याकडेही येईन."

नान-ही हसायला गेली आणि बरगडी धरून रडायला लागली. टॅक्सी गेली.

संध्याकाळी पाहुणे पुन्हा आले. सांग-दू फोटोपाशी उभा राहून प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होता, पण आई ज्या बाजूला बसेल त्याच्या दुसऱ्या बाजूला सरकत होता. कोणी विचारलं, बायको कुठे, तर म्हणाला, माहेरी. त्याने दिवसभर काही खाल्लं नव्हतं. ओक-रेने रश्श्याची वाटी भरली, त्याला आवडतं तसं कांद्याची पात वेगळी काढून टाकली, आणि त्याच्यापुढे नेऊन ठेवली.

"जेव रे."

त्याने वाटीकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे बघितलं. कपाळावर घाम आला होता त्याच्या. त्याने एका बोटाने वाटी हळूच परत तिच्याकडे सरकवली.

एका वाक्याचं काम होतं. फुगा फुटला, बाळा, मी नाही. ते बोललं की पोर तिचं परत मिळणार होतं, आणि मूठमाती पडली की ते पोर बायकोला आणायला दक्षिणेची गाडी पकडणार होतं. ओक-रेने वाटी उचलली आणि त्याच्यासमोर बसून तिने तो रस्सा स्वतःच खाल्ला, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि तो तिच्याकडे बघत राहिला.